सूर बंदरावरची हाक

शुक्रवार, २१ फेब्रुवारी १९९७. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बिलकीसने शेगडी पेटवली.

ही वेळ तिला आजही आठवते. त्या दिवसातलं सगळंच तिला क्रमाने सांगता येतं आणि विचारणाऱ्याला ती दर वेळी तेच सांगते. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा असा तिचा आग्रह नसतो. पण घडलं ते असंच.

खोली रशीदची होती. रशीद तिच्या नवऱ्याचा, अलीमियाँचा, चुलतभाऊ. ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सूर शहरात तो लाकडी गलबतं बांधणाऱ्या कारखान्यात सुतार होता. अलीमियाँ मस्कतमध्ये इलेक्ट्रिशियन. तिथल्या दार्सैत भागातल्या दोन खोल्यांत बिलकीस आणि आठ वर्षांच्या मुनिबासोबत त्याचा संसार होता. सुट्टीचे दोन दिवस सूर बघायचं, म्हणून तिघं आदल्या रात्री मुक्कामाला आली होती.

बिलकीसने डब्यातल्या दुधाचा चहा केला. खुबूस, म्हणजे बाजारातल्या अरबी रोट्या, तव्यावर गरम केल्या, चार अंडी फोडली. मुनिबाचा एक मोजा सापडत नव्हता. अलीमियाँ आरशासमोर दाढी करत होता.

"भाभी, मस्कतात काय हाय? नुसत्या बिल्डिंगी," रशीद म्हणाला. "शहर बघायचं तर सूर."

"तुझ्या सुरात एक धड हॉटेल तरी हाय का रे?" अलीमियाँने आरशातूनच विचारलं.

"हॉटेल कशाला? माझी खोली हाय ना. मुंग्यांसकट."

अकरा वर्षं तिथे काढलेला रशीद आपलं घर दाखवावं तसं शहर दाखवत होता. सकाळी त्याने कारखान्यातल्या अर्धवट गलबतांचे सांगाडे दाखवले. मग टेकडीवरचा किल्ला, मग समुद्राकाठचा लांबलचक रस्ता. दुपारी होडीने खाडी ओलांडून समोरच्या अयजा गावातला दीपस्तंभ बघायचा होता आणि अंधार पडल्यावर अंडी घालायला येणारी कासवं.

कासवं त्यांनी कधीच पाहिली नाहीत.

जुम्म्याची नमाज झाली. जेवण झालं. अलीमियाँ जरा पडतो म्हणाला आणि घोरू लागला. रशीद बिलकीस आणि मुनिबाला घेऊन धक्क्यावर आला.

दुपारचे दोन वाजले होते. त्या वेळी सूरमध्ये सगळी दुकानं चारपर्यंत बंद असत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाणी थाळीत ओतल्यासारखं स्थिर होतं. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. एक म्हातारा ओमानी छोट्या यंत्रहोडीतून माणसं पलीकडे न्यायचा.

रशीद चढला. मुनिबा चढली. बिलकीस शेवटी चढली.

...आणि सवयीने वळली.

बिलकीस दाभोळच्या खाडीकाठची. तिच्या वाडीत तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, जो शेवटी चढेल त्याने काठाकडे तोंड करून हाक द्यायची, अशी रीत होती. तर सुटली की पुढची फेरी तासाभराने, म्हणून कुणी मागे राहू नये. लहानपणापासून हजारदा दिलेली ती हाक तिच्या तोंडून आपसूक निघाली.

"कोन ऱ्हायलंय का? या, बसा!"

रशीद खो खो हसला. "भाभी, ही दाभोळची तर नाय! इथं कोन येनार तुमचं?"

ती ओशाळून हसली. धक्का रिकामाच होता.

मग होडीची मागची बाजू हलकेच खाली दबली...

माणूस पाय ठेवतो तेव्हा दबते, तशी.

म्हाताऱ्या नावाड्याने मागच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सब आ गया?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं. प्रश्न रशीदला नव्हता. बिलकीसलाही नव्हता.

उत्तराची वाट न बघता त्याने यंत्र सुरू केलं. अयजाच्या काठाला लागेपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दीपस्तंभ पाहून झाल्यावर रशीदने त्यांना आपल्या अर्बाबच्या, म्हणजे कारखान्याच्या मालकाच्या घरी नेलं. पाहुणे आलेत म्हटल्यावर काहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेतल्याशिवाय घरचे सोडणार नव्हते. रशीद पुरुषांच्या बैठकीत गेला. बायकांच्या खोलीत अर्बाबची म्हातारी आई होती. तिचे डोळे मोतीबिंदूने धुरकटले होते.

म्हातारीने बिलकीसच्या हातात इवलासा पेला दिला. मुनिबाला एक दिला. तिसरा भरला आणि मुनिबाशेजारच्या रिकाम्या गादीपुढे ठेवला.

बिचारीला दिसत नाही, बिलकीसला वाटलं.

काहव्याची एक रीत आहे. पेला रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. पुरे झालं की पाहुण्याने पेला किंचित हलवून परत द्यायचा. बिलकीसने हलवला. आईचं बघून मुनिबानेही हलवला.

म्हातारीने तिसरा पेला उचलला.

तो रिकामा होता...

तिने भरला. खाली ठेवला. खजूर पुढे केले. पुन्हा उचलला.

रिकामा.

बिलकीसची नजर आता त्या पेल्यावरून हलेना. म्हातारीने तिसऱ्यांदा काहवा ओतला. तिसरा पेला काही कुणी हलवत नव्हतं. म्हातारी थांबली. तिने हात लांब करून ती रिकामी गादी चाचपली.

आणि हात झटकन मागे घेतला.

तिच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं.

तिने काहव्याची किटली झाकली. डोळे मिटून ती भराभर काहीतरी पुटपुटू लागली. मग दाराकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "यल्ला. यल्ला."

परतीच्या होडीत बिलकीस सगळ्यांत आधी चढली आणि हाक दिली नाही. मागची बाजू तरीही दबली.

सूरच्या किनाऱ्यावर पोचल्यावर तिने रशीदला पेल्याचं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"भाभी," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्या खाडीत आपल्याकडचा एक खलाशी गेला म्हनतात. मी यायच्या आधी. नाव कोनाला ठावं नाय. मय्यत गावली नाय."

बिलकीसने मुनिबाचा हात धरायला हात पुढे केला.

मुनिबा शेजारी नव्हती.

ती पाण्यात होती. गुडघ्यापर्यंत. पाठमोरी. सावकाश पुढे चालत होती. आणि तिचा डावा हात वर उचललेला होता... मोठ्या माणसाचं बोट धरून लहान मूल चालतं तसा.

बिलकीस धावली. कमरेला मिठी घालून तिने पोरीला बाहेर ओढलं.

"कुठे चालली होतीस?"

"अंकल म्हणाले, तिकडे डीप नाहीये."

"कुठले अंकल?"

मुनिबाने आश्चर्याने आईकडे पाहिलं.

"बोटीतले. तूच बोलावलंस ना त्यांना?"

बिलकीसने तिला घट्ट धरलं. "कसे... कसे बोलतात ते?"

"दादीसारखं. मला थोडं थोडंच कळतं."

त्याच संध्याकाळी तिघं मस्कतला निघाली. रस्ता चार तासांचा होता. मुनिबा गाडीच्या दाराला चिकटून अंग चोरून बसली होती. आपल्या आणि आईच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून.

दार्सैतला पाच दिवस काही झालं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी बिलकीसला डुलकी लागली. जाग आली ती शांततेने. घरात मुनिबाचा आवाज नव्हता. दार उघडं होतं. आणि जिन्यावर, प्रत्येक पायरीवर, ओली पावलं होती...

मोठी. अनवाणी. वर जाणारी.

मुनिबा गच्चीवर होती. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, शेवटच्या पायरीवर. झाकण उघडलेलं होतं.

अलीमियाँने एका मौलवींकडून ताईत आणून पोरीच्या गळ्यात बांधला. रोज सकाळी त्याचा दोरा ओला असायचा.

 एके दिवशी बिलकीसने मुनिबाला विचारलं. "मी बाजारात जाते तेव्हा अंकल काय करतात?"

"तू नसतेस तेव्हा नसतात," मुनिबा गृहपाठ करता करता म्हणाली. "ते तुझ्याबरोबर जातात. तुझ्याबरोबर येतात."

बिलकीसने खात्री करून घ्यायची ठरवली. निझवा गावात तिच्या ओळखीची रईसा राहायची. बिलकीस एकटीच तिच्याकडे तीन दिवस जाऊन राहिली. रोज संध्याकाळी ती घरी मुनिबाला फोन करायची. "अंकल आले होते?"

"नाही."

तिन्ही दिवस, नाही. रईसाच्या घरी बिलकीसला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. फक्त सकाळी तिच्या अंथरुणाशेजारची सतरंजी ओली असायची.

ती परत आली. दारातच मुनिबा तिच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "आले."

त्या रात्री बिलकीसने नवऱ्याला सांगितलं, "मुनीचे अब्बा, माझं तिकीट काढा. एकटीचं. माहेरचं घर बंद पडलंय, तिथं राहीन."

"किती दिवस?"

तिने झोपलेल्या मुनिबाच्या अंगावरची चादर सारखी केली.

"पोर तुझ्याशिवाय कशी राहील, बिलकीस?"

"जिती तर राहील."

अलीमियाँने वाद घातला. रागावला. मोठ्या मौलवींना आणतो म्हणाला, घर बदलतो म्हणाला. शेवटी एका पहाटे त्याने उठून मुनिबाच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला आणि दिवस उजाडल्यावर तिकीट काढून आणलं. त्याची बहीण जमिला मुलीला सांभाळायला येणार होती. शेजाऱ्यांना सांगितलं, गावच्या घराचं बघायला कुणी नाही. ते खोटं नव्हतं.

निघायच्या आधी बिलकीसने मुनिबाचे शाळेचे सगळे कपडे इस्त्री केले. केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या. जमिलासाठी पोरीच्या खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी कागदावर लिहून ठेवल्या.

एप्रिलमध्ये मस्कतच्या सीब विमानतळावर अलीमियाँ आणि मुनिबा तिला सोडायला आली. पोरगी रडली नाही. अम्मी महिन्याभरात येणार, असं तिला सांगितलं होतं.

काचेच्या दारापाशी बिलकीस वळली. मुनिबाने हात हलवला. मग तिची नजर थोडी बाजूला सरकली, थोडी वर गेली. एखाद्या उंच माणसाच्या चेहऱ्यापर्यंत. आणि तिने पुन्हा एकदा हात हलवला...

बिलकीसच्या शेजारी कुणी नव्हतं.

तिच्या अंगावर काटा आला. पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं: तो पोरीपाशी मागे राहिला नव्हता.

मग तिने पासपोर्ट हातात घेतला आणि मागे न बघता आत चालत गेली. सावकाश. शेजारच्याला मागे पडू न देता.