पुसलेली फुली

बॉनेट लाव, यज्ञेश्वर. पाच वेळा सेल्फ मारून झाला, सहाव्यांदा मारल्यावर काय बॅटरीला लाज वाटणार आहे? आतल्या सहा खान्यांतला एक गेलाय तिचा. सकाळी नवीन आण. आणि दुकानदार म्हणाला, "तुमची चार्ज करून ठेवतो, तोवर ही आमची घेऊन जा," तर तिथून सरळ निघून ये.

का म्हणून? बसा सगळे या कट्ट्यावर, सांगतो. पार्किंगची लाइट गेलीय तर जाऊ दे. हे अंधारातच सांगायचं आहे.

मार्केट यार्डाच्या मागं श्यामसुंदर शेटचं बॅटरीचं दुकान होतं. मी आणि गुलजार तिथं एकाच बाकावर कामाला. गुलजार आज हयात नाही, पण हे त्याच्यावर गुजरलंय आणि त्यानं मला कसम खाऊन सांगितलंय. चौदा डिसेंबर एकोणीसशे पंच्याण्णव, गुरुवार. तारीख मी विसरणार नाही.

तेव्हा गिऱ्हाईक बॅटरी चार्जिंगला टाकायचं. दीड दिवस लागायचा. तोवर गाडी अडून राहू नये म्हणून दुकानातली एखादी जुनी लावून द्यायचो. तिला सर्व्हिस बॅटरी म्हणायचे. जिचा एखादा खाना मेलाय तिच्यावर आम्ही खडूनं फुली मारायचो. फुलीवाली कुणाच्या गाडीला लावायची नाही, थेट भंगारात. साधा नियम होता, पोरालासुद्धा कळेल असा.

मंगळवारी मांजरी गावचा सर्जेराव आला. भाड्याची अ‍ॅम्बॅसिडर चालवायचा. बॅटरी उतरवून म्हणाला, "शेट, बायकोचं दिवस भरल्यात. तेवढी चांगली द्या." दुकानात त्या दिवशी फुलीवाली एकच उरलेली. शेट मला आत बोलावून म्हणाले, "कादर, पूस ती फुली. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

मी पुसली. ओल्या फडक्यानं, नीट. गुलजारनं ती उचलली आणि गाडीत बसवली.

असं बघू नका माझ्याकडं. शेटचा राग येतोच, अजून डोकं फिरतं. पण फडकं धरलेला हात माझा होता, आणि तो मी रोज जेवताना बघतो.

गुरुवारी सर्जेरावची बॅटरी तयार झाली. न्यायला तो काही आला नाही. रात्री साडेआठला शेट म्हणाले, "गुलजार, घरी जाता जाता त्याची टाकून ये, आपली घेऊन ये." गुलजार हडपसरला राहायचा. त्यानं बॅटरी स्कूटरवर पायाजवळ ठेवली, मफलर गुंडाळला आणि निघाला. थंडी मरणाची. सोलापूर रोड सोडून तो मांजरीकडं वळला तेव्हा रस्ता मोकळा होता. त्याला तेवढंच नवल वाटलं, कारण उसाच्या दिवसांत तिथं बैलगाड्यांची रांग लागलेली असायची.

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यानं रेल्वेचं फाटक ओलांडलं. त्याच्या मागं फाटक पडलं.

पलीकडं सर्जेरावची गाडी उभी. बॉनेट उघडं. गाडीत ड्रायव्हर नाही. मागच्या सीटवर एक बाई बसलेली, शाल घेतलेली, एक हात पोटावर.

"आलात का मिस्त्री? या. घाई काय होती एवढी?"

गुलजार ओशाळला. सर्जेराव मदत आणायला गेला असेल, असं त्याला वाटलं. "वहिनी, दोन मिनिटांत चालू करतो," म्हणाला. जुनी बॅटरी गाडीत नव्हतीच. त्यानं चार्ज केलेली बसवली, दोन्ही टोकं आवळली. किल्ली गाडीला होतीच. फिरवली.

टक.

दिवे लखलखीत. हॉर्न खणखणीत. बॅटरी एकदम कडक. पण सेल्फ...

टक.

त्यानं वायरी काढल्या, घासल्या, परत लावल्या.

टक.

"परत मारा," बाई म्हणाली.

टक.

"परत."

टक.

"काल बी असंच," ती म्हणाली. "फाटक पडलं. ह्यांनी इंजन बंद केलं. समदेच करत्यात. आन् मग हे. टक... टक... म्या मोजत व्हते."

गुलजारनं किल्लीवरचा हात काढून घेतला.

"आधीची बॅटरी कुणी बसवली व्हती?"

"शेटनं दिली, वहिनी."

"दिली कुणी, ते नाय इचारलं. बसवली कुणी?"

"...मी."

"मेलेली हाय, ठावं व्हतं?"

गुलजार नंतर मला म्हणाला, कादर, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर पाय तरी धरले असते. तिचा आवाज चढलाच नाही. राग सगळा डोळ्यांत. आणि पोटावरचा हात... हलत नव्हता. पोटही हलत नव्हतं. श्वास घेताना हलतं ना? तसंसुद्धा नाही.

"ठावं व्हतं?"

...

"होतं."

इंजिन चालू झालं.

किल्लीला त्याचा हात नव्हता.

तो मागं उडी मारून पडला. उठून बघतो तर... रस्ता रिकामा. फाटक अजून बंद. बॅटरी त्याच्या पायाशी, मातीत. तिला वायर नाही, काही नाही.

पळून यायला हवं होतं त्यानं. मी असतो तर आलो असतो. तो गेला सर्जेरावच्या घरी.

अंगणात माणसं बसलेली. आत, भिंतीशी, जमिनीवर दिवा. आणि तीच गाडी अंगणात उभी, पुढं दोर बांधलेला. पहाटे ट्रॅक्टरनं ओढून आणली होती. बुधवारी रात्री नऊला मंदाला, सर्जेरावच्या बायकोला, कळा सुरू झाल्या, अंगावरून जायला लागलं. सर्जेराव दवाखान्यात घेऊन निघाला. फाटक पडलं, त्यानं इंजिन बंद केलं. मग गाडी चालू होईना.

"धक्का का नाही मारला?" हेच ना? त्या बिचाऱ्याला दिवसभर लोकांनी हेच विचारलं! पुढं फाटक, मागं बैलगाड्या, फाटक उघडलं तर रुळांचा चढ. गाडीवान बैल सोडून येणार कसे? एकट्यानं अ‍ॅम्बॅसिडर चढावर ढकलून बघा. पाऊण तासानं दुसरी गाडी मिळाली. दवाखान्याच्या दारात मंदा गेली. मूलही गेलं.

गुलजार पोचला तेव्हा मंदाचा भाऊ सर्जेरावला म्हणत होता, "पेट्रोल वाचवाया इंजन बंद केलंस. तूच मारलीस माझी बहीण." आणि सर्जेराव मान खाली घालून म्हणत होता, "व्हय. म्याच मारली."

गुलजार सगळ्यांसमोर म्हणाला, "नाही. आम्ही मारली." फुलीपासून सगळं सांगितलं. सर्जेराव उठला, त्याच्यापाशी आला. हात नाही उचलला त्यानं. नुसतं विचारलं, "फुली व्हती?" "होती." मग तो पहिल्यांदा रडला.

शुक्रवारी सकाळी गुलजार आणि सर्जेराव दुकानावर आले. मी शटरपाशी उभा होतो. शेट किल्ली घेऊन आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, वाईट झालं. पण इंजिन बंद कुणी केलं? तुम्हीच ना? फुलीबिली काही नव्हती. काय रे कादर, होती का फुली?"

सर्जेराव माझ्याकडं बघत होता. त्याला एक शब्द हवा होता. एकच. बायको मी मारली नाही, एवढं रात्री झोपताना स्वतःला सांगता यावं म्हणून.

मी खाली बघितलं.

शेटनं कुलूप काढलं. रात्रभर लावलेलं, किल्ली त्यांच्याच कमरेला. शटर वर गेलं. शेटच्या बैठकीवर रोज पांढरी चादर असायची, गुरुवारी संध्याकाळी मीच धुतलेली घातली होती. तिच्यावर हाताचा पंजा उमटलेला. बाईचा. अ‍ॅसिडनं जळालेला, पाची बोटं आरपार, खालची गादीसुद्धा करपलेली.

"कुणी सांडलं हे?" शेट माझ्यावर ओरडले.

सर्जेराव गुडघ्यावर बसला. मोठ्या पंज्याकडं त्यानं बघितलंच नाही. त्यानं त्याच्या शेजारी बोट ठेवलं.

तिथं अजून एक पंजा होता. रुपयाच्या नाण्याएवढा.