एक ठोका म्हणजे ‘दे’

ही गोष्ट खोटी असती तर मी ती जरा बरी रचली असती.

निदान भूत तरी रात्री आलं असतं.

ते आलं रविवारी, दुपारी दोनला, लख्ख उन्हात. आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये. वर आई आडवी झाली होती. शेजारी कुणीतरी सतरंजी झटकत होतं. भीती वाटावी असं तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं.

गाडी दादाची. लाल, दोन दारांची, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी. चालू केली की स्वयंपाकघरातले डबे फळीवर नाचायचे.

दादा वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता.

चूक माझीच. मुलीकडचे दादाला बघायला आले होते आणि बैठकीत फारच शांतता होती. मला शांतता सोसत नाही. मी म्हणालो, "आमचा दादा गाडीखाली पडून तासन्‌तास गप्पा मारतो. मध्येच थांबून उत्तरही ऐकतो!"

सगळे हसले. मुलीचे वडील सोडून.

लग्न फिसकटलं. दादा वेगळा राहायला गेला, गाडी घेऊन.

म्हणून वर्षभराने तो अचानक आला आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली, तेव्हा मला रडूच फुटलं.

"घे भोंग्या, तुझी," तो म्हणाला. माझं तोंड बंद होत नाही म्हणून हे नाव त्यानेच ठेवलेलं. "फक्त डिफरन्शियलचं तेल बदल. तीन वर्षं मी हात लावलेला नाही. बाहेर देऊ नकोस, घरीच कर. रविवारी दोनला येतो मदतीला."

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा. वळताना एक चाक जोरात आणि दुसरं हळू फिरतं, ते याच्यामुळे. त्याला दोन नट. खालचा उघडला की जुनं तेल बाहेर, वरच्यातून नवं आत. दादाचा नियम ठरलेला... आधी वरचा. कारण खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, की गाडी जागची हलत नाही.

गाडी चार स्टँडवर चढवली आणि मी अनवाणीच खाली सरकलो.

दोन वाजले. फाटक वाजलं.

मागच्या चाकाशी बूट येऊन थांबले. राखाडी, कापडी. डाव्याची नाडी सुटलेली. दादाचे कामाचे बूट.

"आलास?" मी म्हणालो.

उत्तर नाही. म्हटलं, अजून घुश्शात आहे.

आम्हा दोघांची लहानपणापासूनची खूण होती. खालच्याने जमिनीवर पाना एकदा आपटला की ‘दे’. वरच्याने दोनदा आपटला की ‘घे’. ही खूण तिसऱ्या माणसाला ठाऊक नव्हती. आईलाही नाही.

मी एकदा ठोकलं.

ठक. ठक.

चाकाआडून नट सोडवायची षटकोनी अॅलन की सरकत आली. नेमक्या मापाची.

मी बोलत सुटलो होतो, त्या नादात खालच्या नटाला हात घातला. तेलासाठी परात हवी म्हणून ठोकलं.

परात आली नाही.

पुन्हा ठोकलं... नाहीच.

मग डोक्यात प्रकाश पडला. वरचा आधी! मी मुकाट्याने वरचा नट सोडवला. तो फिरताक्षणी परात हजर.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! असला खडूसपणा जगात एकच माणूस करतो.

खालचा नट काढला. डिफरन्शियलच्या जुन्या तेलाचा वास असा असतो की भूतसुद्धा पळेल. हे मी तेव्हाच मोठ्याने म्हणालो होतो, याची नोंद घ्यावी.

पण वास आलाच नाही.

तेल बाहेर आलं... मधासारखं. नितळ. कोरं. नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्याच्यावर तीन वर्षांचा लोखंडी कीस चिकटायला हवा. तेही पुसून ठेवल्यासारखं लख्ख.

तीन वर्षं कुणी हात लावलेला नाही, असं तेल.

मला वाटलं, दादाने गुपचूप बदलून ठेवलं असेल. माझ्यासाठी. हिशेब जुळतो का ते न बघता मी त्या बुटांकडे वळलो, आणि वर्षभर गिळून ठेवलेलं बोलून टाकलं.

"दादा, चुकलो रे मी. मला ते तसं बोलायचं नव्हतं. तू गेल्यापासून घर खायला उठतं. माफ कर ना."

बूट हलले नाहीत.

ठक... ठक.

घे.

मी परातीत आसवं गाळत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

पडद्यावर नाव... दादा.

मी बुटांकडे बघितलं. बूट तिथेच.

"बोल," मी कसाबसा म्हणालो.

"मी नाही येत रे आज." दादाचा आवाज. मागे कुठेतरी रहदारी. "तेल कसं निघालं?"

"कोरं."



"माझ्या वेळीही कोरंच निघालं होतं. म्हणजे आलाय."

"कोण?"

"मला नाही माहीत. बोललास का त्याच्याशी?"

"मला वाटलं तू आहेस!"

"मलाही वाटलं होतं, तू आहेस," दादा म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी. तूच येणार होतास त्या रविवारी. मॅच बघत बसलास. मी खालून बोलत राहिलो, तो वरून ठोकत राहिला. एकदा बोललं की मग तो जात नाही, भोंग्या. दुसरं कुणी बोलेपर्यंत."



"म्हणून मला दिलीस गाडी?"

"घरात सगळ्यात जास्त कोण बोलतं?"

हे तो चिडून बोलला असता तरी चाललं असतं. तो सुटल्यासारखा बोलला. हलका होऊन.

फोन बंद झाला.

बुटांचे चवडे माझ्याकडे वळले.

मग... गुडघे वाकायला लागले. खाली बघायला माणूस वाकतो तसे.

मी डोळे घट्ट मिटले. काहीतरी जमिनीवरून सरकत आलं आणि माझ्या बोटांना टेकलं. खालचा नट. पुसलेला. नवं वॉशर चढवलेला.

ठक. ठक.

किती वेळ गेला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा चाकाशी कुणी नव्हतं. मी कसातरी बाहेर आलो. जमिनीवर तेल सांडलं होतं आणि त्यात पावलं एकाच माणसाची. अनवाणी. माझी.

वरचा नट मी परत बसवला नव्हता... तो घट्ट बसलेला होता.

जिन्यात आई उभी.

"कुणाशी बोलत होतास रे एवढा वेळ? मध्येच थांबत होतास..."

मी पहिल्यांदाच आयुष्यात काही बोललो नाही.

दादाचं पुढे लग्न ठरलं. मुलीकडच्यांना तो फार आवडला म्हणे. शांत मुलगा. मला बोलावणं नाही. फोन केला तर उचलत नाही.

मी माफी मागितली ती ऐकली एकानेच, आणि माफही केलं त्यानेच. तो माझा कुणी लागत नाही.

गाडी झाकून ठेवली आहे. मी खाली जात नाही. पण दर रविवारी दोनला खालून आवाज येतो, आणि आता दोन ठोके नसतात.

एकच असतो.

म्हणजे ‘दे’.

काय द्यायचं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायचं तर बोलावं लागेल.

आणि मला शांतता सोसत नाही.