नववी हाक

जेवणं आटोपली, किडे येतात म्हणून बाहेरचा दिवा मालवला, आणि पुतण्या-पुतणींनी मोठ्या काकांना घेरलं. भुताची सांगा, पण खरी सांगा. काका म्हणाले, खरीच सांगतो. माझ्या मित्राच्या बायकोची. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. मधे मधे बोलाल तर अर्धवट सोडून झोपायला जाईन.

वहिनींचं काम ऐकायला सोपं, करायला किचकट. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक मुकादम बसलेला असतो. त्याला कर्नेल म्हणतात. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याशी बोलायचं झालं तर निरोप त्याच्याच हातून जातो. हा मुकादम निरोप नीट पोचवतो की नाही ते पाहायला लोक चाचण्या लिहितात, आणि त्या चाचण्या तरी खऱ्या आहेत का, ते वहिनी तपासायच्या.

धाकटी पुतणी म्हणाली, म्हणजे सुनेवर सासू आणि सासूवर आजेसासू.

अगदी तसंच, काका म्हणाले, आणि ही आजेसासू खाष्ट होती. तिचे दोन नियम होते. चाचणीसाठी मशिनीच्या आत दोन लटक्या खोल्या बांधतात आणि त्यांच्यामध्ये एक लटकी तार ओढतात. काम झालं की खोल्या पाडायच्या, जागा झाडून द्यायची, हा पहिला नियम. दुसरा त्याहून कडक. चाचणी पास झाली हे मला सांगू नका, आधी ती नापास करून दाखवा. मुद्दाम बिघाड करा आणि ती ओरडते का ते बघू द्या. चोर आला तरी भुंकत नाही ते कुत्रं पाळून काय करायचं?

चाचण्या लिहिणाऱ्यांत एक मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेले, साठीनंतर हे सगळं शिकलेले. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. सगळं काही मेलवर. मास्तरांची चाचणी होती हाकांची. दोन कॉम्प्युटर बोलत असताना पलीकडचा न सांगता गेला, तर अलीकडच्याला कळायचं कसं? तर तो थोड्या थोड्या वेळानं हाक मारतो, आहेस का? अशा नऊ हाका. नवव्या हाकेलाही ओ आली नाही की समजायचं, गेला, आणि जोडणी तोडायची. मास्तरांची चाचणी मधली तार तोडायची, नऊ हाका मोजायची, आणि शेवटी जोडणी तुटली की पास व्हायची.

वहिनींनी ती आठदा परत केली. कधी खोली पाडायची राहिली, कधी हाका मोजण्यात चूक. मास्तर रागावले नाहीत. दर वेळी लिहायचे, ताई, तुमचं बरोबर, दुरुस्त करतो. आठव्या वेळी वहिनींनी कळवलं, बाकी सगळं चोख आहे, पण नापास होताना कुठे दाखवलीत? मास्तरांचं उत्तर आलं, जरा दवाखान्यात आहे, दाखवतो. चार दिवसांनी नवी प्रत आली. नापास करून दाखवायचं त्यातही राहिलंच होतं. खाली एवढंच लिहिलं होतं, "ताई, आता मला जमेल असं वाटत नाही. एकदा तुम्हीच चालवून बघाल का?"

वहिनींनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. मुलीची परीक्षा होती, सासऱ्यांचे डोळे दाखवायचे होते. आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतं, की नियम म्हणजे नियम. आज एकाला सवलत दिली की उद्या दहा जण दारात. बघू उद्या, म्हणाल्या. त्या उद्याचे तीन आठवडे झाले. मधे मास्तरांची एक ओळ आली होती, पाहिलीत का? तिलाही उत्तर द्यायचं राहून गेलं.

मग आली मार्चची एकवीस तारीख, मंगळवार. नव्या चाचण्या घ्यायची मुदत दुसऱ्या सकाळी संपत होती. घरचे सगळे झोपल्यावर वहिनींना मास्तरांची आठवण झाली. रात्रीचे पावणेदोन. बैठकीच्या खोलीत टेबलावरचा दिवा तेवढा चालू. त्यांनी चाचणी चालवली.

दोन खोल्या उभ्या राहिल्या. तार जोडली. बोलणं सुरू झालं. तार तोडली.

पहिली हाक. ओ नाही. दुसरी. नाही. आठपर्यंत सगळं जसं व्हायला हवं तसं. मग नववी...

ओ आली.

शब्द नसतात त्यात. इकडून 'आहेस का' आणि तिकडून नुसता हुंकार, एवढंच. जोडणी काही तुटली नाही. चाचणी नापास.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, मास्तर, तार तोडायलाच विसरलात की. पडद्यावर वर सरकवून पाहिलं. तार तुटलेलीच होती.

पुन्हा चालवली. आठ हाका गेल्या. नववी... ओ.

आता त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा चालवली आणि तार तुटताच आपल्या हातानं पलीकडची खोलीच पाडून टाकली. आता खोली नाही. तार नाही. ओ द्यायला कोणी नाही.

पहिली.

चौथी.

आठवी.

स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर थांबली. घड्याळ ऐकू येऊ लागलं.

नववी...

ओ.

मग त्यांनी मास्तरांना मेल लिहिली, उशीर झाला, माफ करा, तुमची चाचणी समोर घेऊन बसले आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी ती गेली. पाचच मिनिटांत उत्तर आलं.

"मी त्यांची बायको. त्यांना जाऊन आज बारा दिवस झाले. शुद्ध होती तोवर विचारत होते, ताईंचं उत्तर आलं का? मी नाही म्हणायचे. शेवटी वाटलं, खोटंच सांगावं, आलं म्हणून. पण न तपासलेल्याला पास म्हणायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं."

वहिनींनी ते तीनदा वाचलं. मग मास्तरांची चाचणी उघडली आणि खाली लिहिलं, तपासली. नापास होताना स्वतः पाहिली. मान्य. त्याखाली आपलं नाव घातलं, आणि शेवटची म्हणून एकदा चालवली.

आठ हाका गेल्या. नववी गेली. ओ आली नाही. मशिनीनं लिहिलं, पलीकडे कोणी नाही, जोडणी तोडली. चाचणी पास.

तेव्हा कुठे वहिनींना रडू फुटलं. सासरे उठून आले, काय झालं गं, विचारायला लागले. सांगणार काय?

काका पुढे सांगू लागले.

इथवर कोणी म्हणेल, झोप नव्हती, डोळ्यांना भास झाला. म्हणू दे. पण मशीन बंद केली की या लटक्या खोल्या आपोआप नाहीशा होतात, ते त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वहिनींनी त्या रात्री मशीन बंद केली. सकाळी चालू केली, तर मशिनीतल्या खोल्यांच्या यादीत एक खोली. कोणी न बांधलेली. आत तारेचं एक टोक, दुसरं कुठेच नाही. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू केली. आहेच. मागच्या महिन्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. खोल्या पाडा म्हणून जगाच्या मागे लागणारी बाई, पण ती एक खोली तिनं अजून पाडलेली नाही.

धाकट्या पुतणीनं हळूच विचारलं, मग त्या वहिनी तिकडे हाक मारून बघत नाहीत?

काका म्हणाले,

"मीही विचारलं होतं. म्हणाली, रोज मारते, भावोजी. पण आठच."