जैन पण, डबल लसूण पण

त्याची पेन्सिल 'मिसो'वर थांबली, म्हणून मीही मिसोवर टिक केली.

तो म्हणजे शेजारच्या स्टुलावरचा मुलगा. चष्मा, निळा चौकड्यांचा शर्ट, माझ्याच वयाचा असेल. एवढीच माहिती. पण बोटांमध्ये पेन्सिल तो अशा ऐटीत फिरवत होता, की याला रामेनमधलं सगळं कळतं याची मला खात्रीच पटली.

मला काहीच कळत नव्हतं. वेसू या शहराच्या पॉश भागातल्या त्या जपानी दुकानात मेनूकार्ड देत नाहीत, एक लांबलचक चिठ्ठी देतात. रस्सा कोणता – शोयू, मिसो की शियो? (मला तर एका बाकावर बसणाऱ्या तीन मैत्रिणी वाटल्या.) दाट की पातळ? नूडल्स कडक की मऊ? तिखट शून्य ते पाच. लसूण – नको, साधा, डबल. आणि तळाला कोपऱ्यात आणखी एक चौकोन, जैन. मला भूक लागली होती हो, बोर्डाचा फॉर्म भरायचा नव्हता.

पण हे मला उद्यापर्यंत यायलाच हवं होतं. उद्या रविवारी नीलमचा वाढदिवस इथेच होता, आणि मी भर वर्गात बोलून बसले होते, "रामेन? मी तर नेहमी खाते. सगळ्यांची ऑर्डर मी देईन." अकरावीला या शाळेत आल्यापासून मी एवढं शिकले होते – मान ताठ, आवाज मोठा, आणि आमच्या डिंडोली वस्तीचं नाव कुणी विचारल्याशिवाय काढायचं नाही. सहा महिन्यांत मला कुणी हसलं नव्हतं. उद्या नक्की हसलं असतं. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर दोन बस बदलून मी गुपचूप तालमीला आले होते.

त्याने तिखट पाच केलं. मीही पाच. त्याने लसूण डबल केला. मीही. मग माझ्या लक्षात आलं, तो माझ्या चिठ्ठीकडे बघतोय. आपल्यालाही काही येतं हे दाखवावं म्हणून मी घाईघाईने तळाच्या रिकाम्या चौकोनात टिक केली. एका क्षणात त्यानेही केली.

वाढणाऱ्या गुजराती बेननी माझी चिठ्ठी उचलली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "बेन, जैन पण ने डबल लसण पण?" मग त्याची चिठ्ठी बघितली. "लो, भाईनुं पण एवुं ज."

तो खाली मान घालून पुटपुटला, "आते काय करू माय…"

मी दचकलेच. ही तर आमच्या घरातली, गावाकडची बोली. मम्मीचा कुकर बिघडला की ती हेच म्हणते.

"तू माझं बघून भरत होतास?" मी विचारलं.

"मी? तू माझं बघून भरत होतीस."

"पण तू ती पेन्सिल केवढ्या रुबाबात फिरवत होतास."

"घाबरलो की फिरवतो."

मला हसू आवरेना. त्यालाही. बेननी लसूण खोडला, तिखट स्वतःच दोनावर आणलं आणि निघून गेल्या.

"तुनं गाव कोणतं शे?" त्याने हळूच विचारलं.

दुसऱ्या कुणाला मी हिंदीत उत्तर दिलं असतं. याला म्हटलं, "डिंडोली."

"मी चलथाणचा. पप्पा साखर कारखान्यात आहेत. नाव निंबा."

"खरंच निंबा?"

"आजोबांचं ठेवलंय. का, वाईट आहे?"

वाईट नव्हतं. वाईट हे होतं, की तो ते किती सहज सांगत होता… आणि मी शाळेत 'चैताली'चं 'चेरी' करून ठेवलं होतं.

वाडगे आले. वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला आणि तो आंधळ्यासारखा चॉपस्टिक्स शोधायला लागला. मी त्या त्याच्या हातात दिल्या. बोटाला बोट लागलं – एवढंसंच. काउंटरवरच्या पाटीवर लिहिलं होतं, आवाज करून खा, इथे तीच रीत आहे.

"माझे पप्पा रस्सा असाच ओरपतात," मी म्हटलं. "मी त्यांना रोज रागावते."

"बघ, जपानमध्ये त्यांना केवढा मान मिळाला असता."

मग आम्ही एकेक गोष्ट चाखून ठरवत गेलो. नूडल्स मध्यम बऱ्या. मक्याचे दाणे हवेत. ते काळं समुद्री शेवाळ त्याला आवडलं, मला ओल्या वहीच्या पुठ्ठ्यासारखं लागलं.

"उद्या इथेच एका वाढदिवसाला यायचंय," तो म्हणाला. "फजिती नको म्हणून आज बघून घेतोय."

माझी नूडल निसटून रश्शात पडली. "नीलमच्या?"

"हो. आम्ही एका बॅडमिंटन कोचिंगला आहोत. तू?"

"मी तिच्या वर्गात." आणि मग मी ते म्हटलं, "हे बघ निंबा, उद्या आपली ओळख नाही. मी सगळ्यांना सांगितलंय, मला रामेनमधलं सगळं येतं."

तो चष्मा पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला. "बरं," म्हणाला. "नाही तर नाही."

घरी मम्मी साड्यांवर खडे चिकटवत बसली होती. मी मदतीला बसले आणि एका पदरावर अख्खी ओळ उलटी लावली. "लक्ष कुठाय गं तुझं?" मम्मी म्हणाली. मला खरंच माहीत नव्हतं. त्याने भांडायला हवं होतं का? पण ओळख नको असं मीच म्हटलं होतं. मग 'बरं' ऐकून मला एवढं का लागावं?

रविवारी लांब टेबलाभोवती आम्ही नऊ जण होतो. निंबा आला, 'मी निंबा, चलथाणचा' असं सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडे बघितलं आणि नजर पलीकडे नेली. अगदी ठरल्यासारखं.

हितेश आमच्या वर्गातला, बडबड्या. त्याने सगळ्या चिठ्ठ्या माझ्यापुढे सरकवल्या. "बोलो, चेरी मॅडम."

नऊ चिठ्ठ्या. एक जैन, एकीला मशरूम चालत नाही, एकाला तिखट नको. काल आम्ही एकच वाडगा शिकलो होतो. माझी पेन्सिल हलेना.

"बेन," टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला, "मला यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून समजावून सांगाल?"

निंबा होता.

"क्यों निंबाभाई, चलथाण में नूडल्स नहीं मिलते?" हितेश म्हणाला. सगळे हसले.

"मॅगी मिलती है," निंबा शांतपणे म्हणाला आणि बेनना विचारत राहिला. शोयू म्हणजे काय. जैनमध्ये कोणता रस्सा चालतो. मशरूम कशाकशात असतं. कडक-मऊ म्हणजे काय, हेही विचारलं, जे त्याला कालच कळलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. तो माझ्यासाठी विचारत होता. मी नुसती मान हलवत टिक करत गेले, आणि नीलम म्हणाली, "चेरीला बघा, सगळं पाठ आहे."

"तर काय," हितेश म्हणाला. "चेरी, इस गाँववाले को भी सिखा दे."

मी वाचले होते. मला हवं तसंच झालं होतं… आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

"मलाही काही कळत नाही," मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी काल पहिल्यांदा आले इथे. तालमीला. निंबाही आला होता. आम्ही एकमेकांचं बघून चिठ्ठी भरली आणि सगळी चुकवली. तो आत्ता विचारत होता ते माझ्यासाठी. आणि मी डिंडोलीची आहे. चैताली. चेरी नाही."

"थांब," नीलम म्हणाली. "काल तुम्ही दोघं… इथे… एकत्र?"

"हो."

"ओहो," कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच हसले. मला ज्याची सहा महिने भीती वाटत होती तेच हसू. माझ्या अंगावर आलं आणि… गेलं. हितेश म्हणाला, "तो फिर मेरा ऑर्डर कौन देगा?" नीलमने त्याच्या हातात पेन्सिल दिली.

मी उठले. टेबलाच्या त्या टोकाला गेले. निंबा माझ्याकडे बघत होता, या वेळी नजर न वळवता.

"तुझं अजून ठरायचंय," तो म्हणाला. "काय घेशील?"

"माहीत नाही. कालपासून मला कशातलंच काही कळत नाहीये. एवढंच कळतंय की तू मला आवडतोस, आणि मला इथे बसायचंय."

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर नीलमसाठी आणलेली भेट ठेवली होती, चकचकीत कागदातली, मोठी. त्याने ती उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.