हातातला मुकुट

त्या दिवशी बंदरावरून वारा असा सुटला, की फुलबाजारातल्या निम्म्या कनाती उलट्या झाल्या आणि बाजार-अधिकाऱ्याच्या डोक्यावरचा गुलाबांचा मुकुट उडून थेट एका फुलवालीच्या बादलीत पडला.

"बरं झालं," फुलवाली म्हणाली. "तहानलेलाच होता बिचारा."

अधिकाऱ्याबरोबरचे दोन शिपाई हसू दाबत समुद्राकडे बघू लागले.

"तो उत्सवाचा मुकुट आहे," अधिकारी म्हणाला. "काढून दे."

"देते की. पण साहेब... हे गुलाब कालचे आहेत. कुठून घेतलेत?"

"इथूनच. बाजारातून."

"म्हणजे बाजार-अधिकाऱ्यालाच कुणीतरी शिळा माल विकला!" तिने मुकुट बाहेर काढून झटकला. चार थेंब त्याच्या जांभळ्या काठाच्या झग्यावर उडाले. "आता तक्रार कुणाकडे करणार?"

त्याने मुकुट घेतला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, रोमच्या अमलातल्या हद्रुमेत शहरात त्याच्याशी असं कुणी बोलत नसे.

त्याचं नाव औफिदियुस, तिचं अरिशत. हे दोघं माझे आईवडील. त्या दिवशी मात्र दोघांनाही तसं काही वाटलं नव्हतं. बाबा म्हणायचे, मला वाटलं होतं. आई म्हणायची, खोटं. तुमचं सगळं लक्ष मुकुटाकडे होतं.

जाता जाता त्याने वळून पाहिलं. बाजारातल्या झाडून सगळ्या बायकांच्या केसांत फुलं होती. हिच्या नव्हती. एक नर्गिस तेवढा हातात होता.

"स्वतःच्या मालावर विश्वास नाही वाटतं? डोक्यात एक फूल नाही."

"डोक्यात घातलेलं फूल अख्ख्या गावाला दिसतं, साहेब. घालणारीला सोडून." तिने नर्गिस नाकाशी नेला. "मला ते बघायचं असतं."

रस्ते, वजनमापं, पाण्याचे नळ आणि रस्त्यावर मेलेली बेवारस माणसं, सगळं औफिदियुसच्या खात्यात. त्या वसंतात मात्र त्याला बाजारातल्या बादल्यांची फार काळजी वाटू लागली. रोज सकाळी पाणी ताजं आहे का ते बघायला तो स्वतः यायचा. बाकीच्या फुलवाल्यांच्या बादल्यांत तो डोकावतसुद्धा नसे. शेजारची मासळीच्या रश्शाची बरणीवाली शेवटी न राहवून ओरडली, "साहेब, आमच्याही बरण्यांचा वास घ्या की कधीतरी! का आमचं वय झालं?"

अरिशत मान खाली घालून देठ खुडत राही. कान तेवढे लाल व्हायचे.

"तुझं पाणी आज जरा गढूळ आहे," तो म्हणायचा.

"तुम्ही रोज बोट घालून बघता. गढूळ होईल नाहीतर काय!"

"मग उद्या येऊ नको?"

"बाजार तुमचा, साहेब... मी कोण नको म्हणणार?"

एका सकाळी तो बादलीकडे न बघता तिच्याकडेच बघत उभा राहिला. "अरिशत, माझ्या घरी ये. लग्न करून."

तिच्या हातातली कात्री थांबली. मग ती हळूच म्हणाली, "मी डोक्यात फूल का घालत नाही, ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मुकुट देवळातल्या मूर्तींना चढतात. म्हणून आमच्यात कुणी डोक्यावर घालत नाही."

"आमच्यात म्हणजे?"

"ख्रिस्तवाल्यांत."

तो दोन पावलं मागे सरला. आपण ख्रिस्ती आहोत हे अधिकाऱ्याला तोंडाने सांगणं म्हणजे तुरुंग, आणि तुरुंगापुढचं सगळं सुभेदाराच्या मर्जीवर. ही मुलगी ते सांगून पुन्हा देठ कापत बसली होती.

"मला सांगायला नको होतंस," तो कुजबुजला.

"लग्नाचं विचारणाऱ्याशी खोटं बोलू?"

"मग... मीही तुमच्यातला होईन. त्यात काय!"

"माझ्यासाठी?" तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "नको. माझ्यासाठी आलात, तर माझ्यावर रागावलात की निघून जाल. असा देव नको मला, जो माझ्या तोंडाकडे बघून मानला जातो."

तो गेला. दुसऱ्या दिवशी बादल्या बघायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"पाणी ताजं आहे ना गं आता?" बरणीवालीने विचारलं. अरिशत देठ खुडत राहिली.

उन्हाळ्यात अरिशतचे वडील मुथुन वारले. वेशीबाहेर त्यांचा मळा होता, तिथेच त्यांना पुरायचं ठरलं. औफिदियुसच्या कानावर गेलं आणि त्याने कुठल्याही सभ्य माणसाने केलं असतं तेच केलं. शहरातल्या सगळ्यात महाग दुकानातून गुलाबांचा मुकुट बनवून घेतला, मेलेल्याच्या डोक्यावर ठेवायला, आणि एकटाच मळ्याकडे निघाला.

त्याला बघताच जमलेली माणसं मागे सरली. तो मुथुनच्या देहापाशी वाकला, तशी अरिशत आडवी आली.

"नको."

"हा मान आहे, अरिशत!"

"माहीत आहे... पण आम्ही मेलेल्यांना मुकुट घालत नाही. बाबांना त्यांचा मुकुट तिकडे मिळेल. न सुकणारा."

भर लोकांत हात मागे घ्यावा लागला. अपमानाने त्याचा चेहरा तापला. कुठे बघावं कळेना, म्हणून तो जमिनीकडे बघू लागला. आणि तेव्हा त्याला दिसल्या, अंजिरांच्या झाडांखाली ओळीने निजलेल्या लहानमोठ्या कबरी. प्रत्येकीवर खापरीचा तुकडा, त्यावर ओरखडलेली अक्षरं. गोदीतली म्हातारी, लंगडी. उकिरड्यावर सापडलेली मुलगी, नाव आम्ही ठेवलं, दोनाता. खलाशी, नाव माहीत नाही, गाणं म्हणायचा.

तो खलाशी त्याला आठवत होता. बंदराच्या पायऱ्यांवर मेलेला. औफिदियुसनेच हुकूम दिला होता, चुन्याच्या खड्ड्यात टाका. शिपायांनी येऊन सांगितलं होतं, प्रेत जागेवर नाही. त्याने म्हटलं होतं, बरं झालं, काम वाचलं.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"बाबांनी. आम्ही सगळ्यांनी." अरिशतने खलाशाच्या खापरीवरची माती पुसली. "हा जाताना गात होता. बाबा म्हणाले, तेवढं तरी लिहू या."

औफिदियुस तिथेच बसला. मुकुट त्याच्या हातात राहिला. मुथुनवर माती पडली तेव्हा एका सावकाराच्या बायकोने आणि धोब्याकडच्या गुलामाने एकच फावडं धरलं होतं. ते त्याने पाहिलं.

पुढच्या रविवारी तो दारात उभा होता, मळ्यात ख्रिस्तवाले प्रार्थनेला जमत त्या घराच्या. बाप्तिस्मा न झालेल्या नवख्याला दारापाशीच बसायचं असतं आणि ख्रिस्ताच्या आठवणीची भाकरी मोडायच्या आधी उठून बाहेर जायचं असतं. शहराचा अधिकारी दारापाशी बसला आणि वेळ झाल्यावर निमूट उठून गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. हिवाळा सरला तरी येतच राहिला.

तो अरिशतकडे बघत नसे. ती मात्र बघायची, चोरून. तो उठला की तिच्या घासाची चव जायची.

एकदा अंगणात दोघं समोरासमोर आले.

"बादल्या बघायला येत नाही हल्ली," ती म्हणाली.

"आलो असतो. पण मग मी कशासाठी येतो, ते माझं मलाच कळलं नसतं."

ती हसली नाही. फक्त हातातला नर्गिस त्याला दिला आणि आत पळाली.

मग बादशहाच्या वाढदिवसाची मिरवणूक आली. बाजार-अधिकाऱ्याने सोनेरी पानांचा मुकुट घालून देवळाच्या पायऱ्या चढायच्या, बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा, ही रीत. पुढच्या वर्षी नगरप्रमुखाची जागा त्याच्यासाठीच राखलेली होती. अरिशत गर्दीच्या कडेला उभी होती. आज हा काय करणार, ते तिला ठाऊक नव्हतं. त्याने सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर ते तिच्यासाठी झालं असतं.

तुताऱ्या वाजल्या. औफिदियुस पायऱ्या चढून वर आला, मुकुट हातात धरून.

"डोक्यावर घाल," नगरप्रमुख पोम्पोनियुस दातांतून म्हणाला.

"डोक्यावर घातला की मला दिसत नाही."

खाली खसखस पिकली. पोम्पोनियुसने धुपाचं तबक पुढे केलं. "चेष्टा पुरे. चिमूट टाक."

"नाही टाकत." आणि मग सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "मी ख्रिस्ती आहे."

पोम्पोनियुस पांढराफटक झाला. त्याचा ह्या तरुणावर जीव होता. "वेड्या," तो म्हणाला, "कुठल्या पोरीपायी करतोयस हे?"

"पोरीला अजून माहीतही नाही."

"आत्ता कळलं!"

आवाज गर्दीतून आला. आईचा. हातातली फुलं डोक्यापेक्षा उंच धरून ती ओरडली होती, आणि आपण काय केलं ते तिला ओरडून झाल्यावर समजलं. शिपाई वळले. पण तेवढ्यात बरणीवाली तिच्यापुढे येऊन उभी राहिली, कमरेवर हात देऊन. मग गोदीतले हमाल. मग सावकाराची बायको आणि धोब्याचा गुलाम. त्यांच्यातले अर्धेअधिक ख्रिस्ती नव्हतेच. त्यांचं कुणी ना कुणी अंजिरांखाली निजलेलं होतं.

पायऱ्यांवर बाबा हसत होते. जांभळ्या काठाचा झगा उतरवून घेतला जात होता आणि ते लग्नाला निघाल्यासारखे हसत होते.

द्राक्षं उतरेपर्यंत ते तुरुंगात होते. आई रोज अंजिरं न्यायची. बाजारातले ते दोन शिपाई दार लोटून घेत आणि समुद्राकडे बघत राहत. मग नवा सुभेदार आला. पोम्पोनियुसने त्याच्या कानात काय सांगितलं देव जाणे, बाबा सुटले. हुद्दा गेला, घर गेलं, बाबांच्या आईने त्यांना कित्येक वर्षं दार उघडलं नाही.

वसंतात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी भाकरी मोडताना ते पहिल्यांदाच दारापाशी नव्हते. लग्नात दोघांच्याही डोक्यावर मुकुट नव्हते, ओंजळीत गुलाब होते... आणि आयुष्यभर बेवारसांसाठी त्याच मळ्यात बाबांनी फावडं चालवलं. खापऱ्यांवरची अक्षरं मात्र आईची. बाबांचं अक्षर फार वाईट.

काल बाबांची खापरी मी लिहिली.

पोम्पोनियुस काठी टेकत आला होता. आता फार म्हातारा झालाय. बरोबर सोनेरी पानांचा मुकुट. तो हातात घेऊन अवघडून उभा राहिला. "तुमच्यात चालत नाही ना गं, अरिशत? डोक्यावर..."

"हातात चालतो," आई म्हणाली.

तिने तो घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि माझ्याकडे दिला. मला रडू आवरेना. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"त्यांना तिकडे त्यांचा मिळाला असेल," ती म्हणाली. "आणि सांगते तुला, तिथेही तो डोक्यावर घातला नसणार त्यांनी. हातात धरून बघत बसले असतील."