बोडकी अक्षरं

तमन्नाचं लग्न ठरलं ते साल दोन हजार तेवीस. जानेवारीत पाहुण्यांनी होकार दिला आणि फेब्रुवारीत तिच्या दादीच्या, म्हणजे कुलसुमच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. पट्टी सुटली तेव्हा समोर उजेड नव्हता, अंधारही नव्हता. ताकासारखं पांढुरकं काहीतरी होतं, ते तसंच राहिलं.

दिवाळीनंतर अंधांच्या एका संस्थेनं तिला वाचायचं यंत्र दिलं. उजव्या हातात काडेपेटीएवढा कॅमेरा, तो छापील ओळीवरून सरकवायचा. डाव्या हाताला डबी, तिच्या खोबणीत तर्जनी ठेवायची. कॅमेऱ्याखाली येईल ते अक्षर बोटाखाली बारीक टाचण्यांनी उठायचं, थरथरायचं आणि पुढच्याला जागा देऊन बसायचं. मुंग्यांची रांग बोटावरून गेल्यासारखं.

कुलसुमला ते लवकर जमलं, कारण ती अक्षरं शिकली होती तीही बोटानंच. उचगावजवळच्या एका फौंड्रीत ती आणि शांतव्वा वाळूचे साचे भरायच्या. चाळिशी उलटल्यावर दोघींनी साक्षरतेच्या वर्गात नाव घातलं आणि जेवणाच्या सुट्टीत काळ्या वाळूवर गिरवायला लागल्या. शांतव्वाचं माहेर कानडी. कानडी अक्षरांच्या डोक्यावर सलग रेघ नसते, म्हणून तिचं मराठीही तसंच उतरायचं.

"बोडकी अक्षरं काढतीस गं. पदर दे की त्यास्नी," कुलसुम म्हणायची.

"तूच दे. माझ्याच्यानं न्हाय हुत."

मग शांतव्वा अक्षर काढायची आणि कुलसुम वरून रेघ ओढायची. फौंड्री सुटली तरी दर सोमवारी शांतव्वा उचगावहून सदर बाजारात कुलसुमच्या घरी यायची. कुलसुम पेपर वाचायची, ती ऐकायची आणि मधेच घोरायची.

ऑपरेशन झालं आणि शांतव्वाचं येणं बंद झालं. फोन केला की तिचा मुलगा सोमेश उचलायचा.

"मावशी, आई झोपलीया."

"कवाबी केला तर झोपल्यालीच? आमच्यात रोजं असत्यात, तुमच्यात झोपंचं व्रत निघालं व्हय रं?"

सोमेश हसायचा नाही.

आंधळीकडं जाऊन काय करायचं, असं शांतव्वाला वाटत असणार, हे कुलसुमनं मनाशी धरलं. डोळे गेले त्याच्यापेक्षा हे तिला जास्त लागलं होतं. सोमवारी ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, ऊन खातोय.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. दुपारी ती पेपरातले गुळाचे भाव वाचत होती आणि रेघ नाहीशी झाली. अक्षरं तीच, ओळ तीच, फक्त डोकी उघडी. तिनं तमन्नाला हाक मारली.

"दादी, छपाई चांगली हाय की," तमन्ना पेपर उजेडाला धरून म्हणाली. संस्थेची बाई येऊन टाचण्या पुसून गेली. त्यांच्यासमोर रेघ होती.

एकटी असली की नसायची. खिडकीतलं ऊन मांडीवर सरकत यायचं, जाग आणि झोप यांच्यामधली भिंत पातळ व्हायची, खोलीत भाजलेल्या वाळूचा वास दाटायचा आणि बोटाखाली बोडकी अक्षरं चालत यायची. कुलसुम भ्यायली नाही. ती कॅमेरा बाजूला ठेवायची आणि टाचण्यांच्या माथ्यावरून नखानं रेघ ओढायची. तेवढ्यापुरती अक्षरं थांबायची, कोणी मान खाली घालून पदर घेतल्यासारखी. मग पुढची यायची.

कॅमेरा बाजूला ठेवलेला असतो, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

तो वाकळेवर पालथा पडला होता आणि टाचण्या उठत होत्या. सावकाश. एकेका अक्षरापाशी विचार करत.

*रागावलीस*

"का यीत न्हाईस?" कुलसुमनं तोंडानं विचारलं.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

*पाय अवघडले*

"सोमेश म्हनतोय, तू झोपल्याली असतीस."

*झोपली न्हाय*

टाचण्या खाली गेल्या आणि पुन्हा वर आल्या.

*बसलीया*

कुलसुमच्या पोटातला राग विरघळून गेला. टाकलं नव्हतं तर तिनं. गुडघे धरले होते बिचारीचे, आणि पोरगं लाजेनं सांगत नव्हतं. तिनं मोठ्यानं हाक मारली.

"तमन्ना, रिक्षा बोलव. उचगावला जायाचं."

"कुणाकडं?"

"शांतव्वाकडं. पाय धरल्यात तिचं. नुसती बसून असती म्हनं."

"कोण म्हणालं?"

"तीच की."

तमन्ना जवळ आली. कुलसुमनं तिचा हात चाचपला आणि तिची तर्जनी खोबणीत ठेवली.

बांगड्यांचा आवाज थांबला.

बोट गार पडत गेलेलं कुलसुमला कळलं. पोरीनं ते काढून घेतलं नाही.

"काय लिवलंय?"

"तू ये," तमन्ना म्हणाली. आणि मग अगदी हळू, "दादी, रेघ न्हाय ह्याला."

"ती काढतच न्हाय. म्या काढतो."

तमन्ना खाली बसली. तिचं डोकं दादीच्या गुडघ्याला टेकलं आणि ती बोलायला लागली. पट्टी असेपर्यंत डोळ्यांत पाणी येता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून घरच्यांनी आणि सोमेशनं मिळून गप्प राहायचं ठरवलं. पट्टी सुटली, नजर आलीच नाही, आणि मग सांगायचं कोणी, यातच महिने गेले.

शांतव्वा वारली ती एकोणीस फेब्रुवारी दोन हजार तेवीसला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला त्याच संध्याकाळी उचगावात बसवून माती दिली.