सानोबरनं हलवलेला रिकामा पाळणा

हे माझ्या घरात घडलंय, माझ्या सुनेच्या बाबतीत. यातलं एक अक्षर पदरचं नाही. शिकलेल्यांना हसायचं असेल तर त्यांनी खुशाल हसावं. त्यांच्या घरात अजून घडलेलं नाही, एवढंच.

गाव कोकंद, उझबेकिस्तानातलं. सानोबरचा सिनेमा लागला, त्याच्या आदल्या वर्षापासूनची गोष्ट.

सानोबर माझी सून. गावच्या संगीत नाटकघरातली पहिल्या नंबरची नटी. ती गायला लागली की बाजारातले कलिंगडवाले ढीग तसेच टाकून ऐकायला यायचे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिचा तोरा मला कधी आवडला नाही. पण गळा... त्याला नावं ठेवायची माझीही छाती नव्हती.

नाटकात तिची एक अंगाई होती. स्टेजवर पाळणा असायचा. रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हलवला, तर पुढं त्या घरात येणाऱ्या लेकराची जागा दुसरंच कुणीतरी धरतं. म्हणून नाटकवाले पाळण्यात एक नान ठेवायचे, दुपट्यात गुंडाळून. खेळ संपला की सगळे मिळून खायचे.

मग ताश्कंदहून एक दिग्दर्शक आला. शुहरत नावाचा. त्याला तीच अंगाई सिनेमात हवी होती, आणि सानोबरही. पण त्याच्या गोष्टीत आईचं बाळ गेलेलं असतं.

"नान काढा, दुपटं तेवढं राहू द्या," तो म्हणाला. "कॅमेरा वरून पाळण्यात बघणार आहे."

"शुहरत-अका, अगदी रिकामा नको..."

"अगं बाई, माणसं चंद्रावर जाऊन आली! तुला जमत नसेल तर सांग. दहाजणी दारात उभ्या आहेत."

सानोबर तेव्हा पोटुशी होती. त्याला कळू नये म्हणून घोळदार झगे घालायची. मला कळल्यावाचून राहतंय होय?

"पोटात लेकरू आणि रिकामा पाळणा हलवणार? अक्कल गहाण टाकलीस का?"

"आई, जन्मभर कलिंगडवाल्यांपुढंच गाऊ का मी?"

"कलिंगडवाल्यांनी तुझं काय वाकडं केलंय गं?"

झगा सारखा करून ती निघून गेली.

भर दुपारी, स्टुडिओतल्या लख्ख दिव्यांत तिनं पाळणा हलवला. अंगाई संपली. तिनं हात काढून घेतला.

पाळणा थांबला नाही...

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "लाकूडसुद्धा तालात आहे!" शुहरत म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी धरला तेव्हा कुठं थांबला.

आणि धरताना तो जड लागला... आत कुणी निजल्यासारखा.

थंडीत मुलगी झाली. निगोरा. गुटगुटीत पोर, रडली की गल्ली जागी. मी म्हटलं, चला, आईचा गळा आला.

उन्हाळ्यात सिनेमा लागला. उघडं थिएटर आमच्या भिंतीपलीकडंच. सानोबर तिकडं हारतुऱ्यांत, मी अंगणात नातीला मांडीवर घेऊन. पोरीनं भोकाड पसरलं होतं. पलीकडं अंगाई सुरू झाली...

आणि पोरीचा आवाज गेला.

रडायची थांबली नव्हती. तोंड उघडंच होतं. डोळ्यांतून धारा. छाती हलत होती.

फक्त आवाज नव्हता...

अंगाई संपली, तसा आवाज परत आला.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. सानोबरला सांगितलं, तर ती माझ्यावरच उसळली. "माझं नाव झालेलं तुम्हाला बघवत नाही, आई."

"मग थांब उद्या घरी. बघ स्वतःच."

ती थांबली. लेक मांडीवर होती. अंगाई सुरू झाली, पोर मुकी झाली. सानोबरनं तिला हलवलं, पाठ थोपटली. मग ती एकाएकी भिंतीकडं कान देऊन बसली.

"आई... या सिनेमात बाळाचा आवाज नाहीये. आम्ही घेतलाच नव्हता..."

तेव्हा मलाही ऐकू आलं.

भिंतीपलीकडं, तिच्या गाण्याच्या खालून, एक बाळ रडत होतं.

आमच्या निगोराच्या आवाजात.

सानोबर ताश्कंदला धावली. शुहरतच्या हातापाया पडली, अंगाई काप म्हणाली. तो हसला. "अंगाई कापली तर उरतं काय?"

तिला बक्षिसं मिळाली, मोठी पदवी मिळाली. त्याच वर्षी तिनं गाणं सोडलं. गाव म्हणालं, सासूनं गळा दाबला. म्हणू दे.

नाटक सोडता येतं हो. सिनेमा कसा सोडायचा? तो डब्यात बसून गावोगाव फिरतो. समरकंदला लागला तरी पोर इथं मुकी. दृष्ट जावी म्हणून हरमलच्या बियांची धुरी झाली, सरकारपासून चोरून मुल्ला आणून झाला. काही उपयोग झाला नाही.

निगोरा मोठी झाली. बोलता बोलता मधेच थांबायची. आम्ही "ठसका लागला" म्हणून वेळ मारून न्यायचो.

मग तिचा निकाह ठरला. पोरगा चांगला, माणसं चांगली. नवरी आतल्या खोलीत, मुल्ला बाहेर पुरुषांत. साक्षीदारांनी दारातून विचारलं, "बेटी, कबूल आहे?"

तिनं तोंड उघडलं. नुसतेच ओठ हलले...

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पोरीनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली.

शेजारच्या खोलीत पाहुण्यांच्या पोरांनी टीव्ही लावला होता. तिथून अंगाई ऐकू येत होती. आणि अंगाईच्या खालून, माझ्या नातीच्या आवाजात, अगदी स्पष्ट...

"कबूल आहे."

मी धावत जाऊन टीव्ही बंद केला. पण त्याआधी डोळ्यांनी पाहिलं. पडद्यावर तोच पाळणा. निगोराच्या लहानपणापासून या सिनेमात पाहिलेलं सपाट दुपटं...

सपाट नव्हतं.

कबूल कुणी म्हटलं आणि कुणाला, हे मुल्लालाही सांगता येईना. वऱ्हाड जेवण तसंच टाकून उठलं. पुन्हा कुणी निगोराला मागणी घातली नाही.

सानोबर आता साठीपुढं गेली. गुणगुणतसुद्धा नाही. पण तो सिनेमा हल्ली फोनवर आलाय म्हणे. कुणीही, कधीही लावतं. कुणी एकच अंगाई परत परत लावतं. निगोराची वाक्यं आता पुरी होत नाहीत. दिवसेंदिवस नुसते ओठ.

आज हे सगळं सांगायचं कारण तेच. मघाशी ती मला चहा ओतून देत होती. म्हणाली, "आजी, पी लवकर, गार..."

आणि थांबली.

चहा केव्हाच गार झाला. ती समोर बसलीय, तोंड उघडं, माझ्याकडं बघत.

एवढी लांब नाही ती अंगाई...

तुमच्यापैकी कुणी लावली असेल, तर बंद करा.